परमुलखातील खेड्यात सेवा : रारोटोंगाचे शिक्षक व पापुआ
(मंडळ्यांतील उपदेशक व अभ्यासवर्ग ह्यांच्यासाठी एक धडा)

वाचावयाचा भाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय १३, ओव्या १ ते ४, थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र, अध्याय २, ओव्या १ ते १२.



'मिशनरी' हा शब्द उच्चारला म्हणजे आमच्या खेड्यांतील पुष्कळ बंधुभगिनींच्या डोळ्यांपुढे अजूनही जुन्या काळच्या गोऱ्या साहेबाचेच चित्र उभे राहते. तो दूर देशाहून जहाजाने आला, त्याच्यामागे धनवान मंडळ्या होत्या, त्याचा बंगला निराळा व त्याची विद्या मोठी. मग सहजच मनात येते की, परदेशी जाऊन शुभवर्तमान सांगणे हे मोठ्यांचे काम; आपण ज्वारी-बाजरीच्या रानात राबणारी माणसे, आपले काम फार तर पेटीत दोन नाणी टाकण्याचे. ही समजूत चुकीची आहे, आणि ती आमच्या मंडळ्यांस दुर्बळ करते. आजच्या धड्यात आम्ही अशा काही सेवकांचा वृत्तांत देत आहो की जे स्वतः खेडुत होते, ज्यांच्या आईबापांनी नुकतीच मूर्तिपूजा सोडली होती, आणि जे बायकामुलांसह परमुलखातील खेड्यांत जाऊन राहिले. त्यांच्या चरित्रावरून परक्या गावातील सेवा कशी करावी, आणि ती करावयास धाडणाऱ्यांनी कोणता भार उचलावा, ह्या दोन गोष्टी आम्हांस शिकावयाच्या आहेत.

१. ज्यांनी घेतले त्यांनीच दिले

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस पॅसिफिक महासागर पसरला आहे. त्याच्या मध्यभागी रारोटोंगा नावाचे एक लहान बेट आहे. ते इतके लहान की, किनाऱ्याच्या वाटेने निघालेली बैलगाडी दिवसभरात त्याला प्रदक्षिणा घालून परत येईल. १८२३ साली जॉन विल्यम्स हा लंडन मिशनरी सोसायटीचा सेवक शिक्षकांस घेऊन ह्या बेटाजवळ आला. (हीच ती संस्था, जिने त्याच सुमारास आमच्या बेळगावातही काम आरंभिले होते.) शिक्षक आपल्या स्त्रियांसह किनाऱ्यावर उतरले, परंतु त्या रात्री स्त्रियांस एका सरदाराकडून इतका उपद्रव झाला की, दुसऱ्या दिवशी सर्वजण जहाजावर परत आले. आता बेट सोडून जावे असा विचार होऊ लागला. तेव्हा पापेइहा नावाचा एक शिक्षक पुढे झाला. तो गोरा नव्हता. रायाटेआ बेटाच्या मंडळीतून निघालेला, त्या समुद्रातलाच मनुष्य होता. त्याने एकट्याने उतरण्याची तयारी दाखविली. मागणी एवढीच की, रायाटेआहून टिबेरिओ ह्या सोबत्यास मागाहून पाठवून द्यावे. अंगावरचे कपडे व काही पुस्तके एवढेच सामान घेऊन तो उतरला. काही महिन्यांनी टिबेरिओ आला. पुढे १८२७ साली चार्ल्स पिटमन हा युरोपियन मिशनरी राहावयास आला, तेव्हा लोकांनी आपल्या मूर्ती टाकून दिल्या होत्या आणि उपासनेस मोठा समुदाय जमत होता. पापेइहा त्याच बेटावर राहिला, एका सरदाराच्या कन्येशी त्याचा विवाह झाला, आणि १८६७ साली तेथेच तो प्रभूमध्ये निजला.

आता पुढे काय झाले ते पाहा. १८३९ साली रारोटोंगात टाकामोआ येथे उपदेशकांची शाळा सुरू झाली. १८४२ साली फाओ नावाचा रारोटोंगाचा शिक्षक पश्चिमेकडील लिफू बेटावर गेला. १८५१ साली रारोटोंगाच्या लोकांस संपूर्ण बायबल आपल्या भाषेत मिळाले. १८७१ साली लिफूचे शिक्षक आणखी पुढे, ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी ह्यांच्या मधल्या सामुद्रधुनीतील एरुब बेटावर उतरले. तो दिवस १ जुलै होता, आणि तेथील बेटांवरचे लोक आजही दर वर्षी त्या दिवशी 'प्रकाशाचे आगमन' म्हणून सण करितात. रायाटेआहून रारोटोंगा, रारोटोंगाहून लिफू, लिफूहून एरुब, अशी एका दिव्यावरून दुसरा दिवा लागत गेला. ह्यांपैकी कोणतीही मंडळी, आपण श्रीमंत झाल्यावर धाडू, असे म्हणून थांबली नाही. अंत्युखियाची मंडळीही वयाने लहानच होती. तरी उपास व प्रार्थना करून तिने आपल्यातील उत्तम असे दोघेजण दिले.

२. पापुआची भूमी व तेथील लोक

१८७२ साली वायट गिल हा मिशनरी रारोटोंगा व तिच्या शेजारच्या बेटांवरील सहा शिक्षक व त्यांच्या पत्नी ह्यांस घेऊन निघाला. त्यांस न्यू गिनीच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे पापुआत जावयाचे होते. हा प्रवास तीन हजार मैलांहून अधिक. त्या मेळ्यात मांगाया बेटाचा रुआटोका व त्याची पत्नी टुंगाने ही होती. प्रथम ही कुटुंबे मानुमानु नावाच्या गावी उतरविली गेली. तेथे तापाने व अन्नाच्या तुटीने त्यांचे हाल झाले, म्हणून त्यांस तेथून हालवावे लागले. आणि १८७३ च्या अखेरीस जी वाचली होती त्यांस पोर्ट मोर्स्बीच्या बंदराजवळ, हानुआबाडा ह्या गावी ठेविले. विल्यम लॉज हा युरोपियन मिशनरी आपल्या पत्नीसह तेथे राहावयास आला तो १८७४ साली. म्हणजे येथेही पहिली चूल ह्या बेटकऱ्यांनीच पेटविली.

हानुआबाडाचे लोक मोटू जातीचे. त्यांची घरे समुद्राच्या उथळ पाण्यात खांब रोवून वर बांधलेली असत. जमीन कोरडी, पाऊस थोडा, पीक अपुरे. म्हणून त्यांचा निर्वाह मडक्यांवर चाले. स्त्रिया मडकी घडवीत व भाजीत. वर्षातून एकदा पुरुष अनेक होड्या एकत्र बांधून 'लाकाटोई' नावाचे मोठे तारू करीत, त्यात मडकी भरून वाऱ्याच्या दिशेने पश्चिमेकडे दूरच्या गावांस जात, आणि वारा फिरला म्हणजे मडक्यांच्या मोबदल्यात सागो घेऊन परत येत. सागो म्हणजे एका जातीच्या ताडाच्या गाभ्यातून काढलेले पीठ. आमच्या दुष्काळी तालुक्यांतील वाचकांस हे जिणे समजावयास कठीण नाही. ज्याच्या घरी धान्य पिकत नाही, तो आपल्या हातचे कसब घेऊन बाहेर पडतो.

३. सेवेचे रूप कसे होते

ह्या शिक्षकांनी प्रथम काय केले? त्यांनी घर बांधिले. लाकूड तेथलेच, छपरास पाने तेथलीच. त्यांनी बागाईत लाविले, मासे धरिले, आजाऱ्यांची विचारपूस केली, आणि भाषा शिकावयास बसले. येथे देवाने त्यांस एक साह्य आधीच देऊन ठेविले होते. मोटू भाषा व रारोटोंगाची भाषा ह्या एकाच मोठ्या कुळातल्या. रारोटोंगात दोनाला 'रुआ' म्हणतात, मोटूतही 'रुआ'. रारोटोंगात डोळ्याला 'माता' म्हणतात, मोटूतही 'माता'. कोकणी मनुष्याची व आमची जशी पहिल्याच दिवशी अर्धीमुर्धी गाठ पडते, तसेच हे. तथापि अर्ध्या भाषेवर त्यांनी समाधान मानिले नाही; आणि शेजारच्या कोइटा लोकांची भाषा तर अगदीच निराळी होती. भाषा ही मुलांबरोबर खेळून, स्त्रियांबरोबर पाणवठ्यावर बसून, पुरुषांबरोबर जाळे ओढून शिकावी लागते. पोथी उघडण्यापूर्वी कान उघडावे लागतात.

दुसरी गोष्ट अशी की, ते एकटे नव्हते. पतिपत्नी मिळून सेवा होत असे, आणि अर्धे काम पत्नीचे असे. उपदेशकाला गावच्या स्त्रियांत बसता येत नसे; तिला येत असे. तिने आपले मूल कसे न्हाऊमाखू घातले, नवऱ्याशी ती कशी बोलली, आजारी शेजारणीकडे ती कितीदा गेली, हे सर्व गाव पाहत असे. आमच्या मंडळ्यांच्या इतिवृत्तांत उपदेशकांची नावे आढळतात. त्यांच्या पत्नींची क्वचितच. पापुआच्या वृत्तांतातही तसेच झाले आहे. टुंगानेचे नाव मागे राहिले, पण बहुतेकींचे राहिले नाही. मनुष्यांच्या वहीत नसले तरी ते कोकऱ्याच्या जीवनाच्या पुस्तकात आहे, असा आमचा विश्वास आहे.

तिसरी गोष्ट : त्यांची दया जातपात पाहत नसे. १८७८ साली लालोकी नदीच्या काठी सोने सापडेल ह्या आशेने पुष्कळ गोरे लोक पापुआत आले, आणि तापाने धडाधड पडू लागले. त्यांतील एकजण रानाच्या वाटेवर मरणोन्मुख पडला आहे असे रुआटोकाने ऐकिले. रात्रीची वेळ, गावचे लोक भीतीमुळे बरोबर येईनात. रुआटोका एकटा गेला, त्याने त्या मनुष्यास कापडाने आपल्या पाठीशी बांधिले, आणि वाहून घरी आणिले. ज्या काळी गोरे लोक रुआटोकासारख्यांस हलके समजत, त्या काळी एका गोऱ्या मनुष्याचा चांगला शोमरोनी एक काळा बेटकरी झाला. हानुआबाडाच्या लोकांनी तो दृष्टांत पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिला.

चौथी गोष्ट धीराची आहे. पोर्ट मोर्स्बी येथील पहिले बाप्तिस्मे १८८१ साली झाले. शिक्षक येऊन तोवर सात वर्षांहून अधिक काळ लोटला होता. दोन वर्षांत फळ न दिसले तर आमच्यातील उपदेशक खचतात आणि मंडळ्या पगार बंद करण्याची भाषा बोलतात. त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. मोटू भाषेतील नवा करार १८९१ साली तयार झाला. १८९४ साली वाटोराटा येथे पापुआच्या तरुणांसाठी शाळा निघाली, आणि मग पापुआचेच पुत्र पुढच्या गावांस जाऊ लागले. रारोटोंगाच्या शिक्षकांनी आपल्याबरोबर भक्तिगीते गाण्याची जी रीत आणिली, तिला मोटू मंडळ्यांत 'पेरोवेटा' म्हणतात. ती गीते तेथे आजही गाइली जातात.

४. ह्या सेवेची किंमत

रारोटोंगा व मांगाया ह्या बेटांवर हिवताप नाही, कारण तो पसरविणारी डासाची जात तेथे नाही. पापुआच्या किनाऱ्यावर मात्र तो घरोघर आहे. तेथल्या लोकांच्या अंगी लहानपणापासून त्याला थोडेबहुत तोंड देण्याची शक्ती येते. ह्या पाहुण्यांच्या अंगी ती मुळीच नव्हती. हिवताप डासाच्या द्वारे पसरतो, हे रोनाल्ड रॉस ह्यांनी आमच्याच देशात, सिकंदराबाद येथे, १८९७ साली डासाच्या पोटात त्याचे जंतू पाहून शोधून काढिले. तोपर्यंत लोक दूषित हवेस दोष देत. पापुआत गेलेल्या ह्या शिक्षकांपैकी व त्यांच्या पत्नींपैकी पहिल्या वीस वर्षांत निम्म्याहून अधिक मरण पावले, बहुतेक तापाने.

काहींचा घात झाला. ७ मार्च १८८१ रोजी कालो गावी चार शिक्षक, त्यांच्यातील दोघांच्या पत्नी व त्यांची मुले ह्यांस ठार मारण्यात आले. त्याच वर्षी इंग्रजांचे लढाऊ जहाज शिक्षा करावयास गेले, आणि गावचा सरदार व आणखी काहीजण गोळ्यांनी मेले. इकडे रारोटोंगाच्या मंडळ्यांनी मात्र शिक्षक पाठविणे थांबविले नाही. पुढेही जहाजे येत राहिली, आणि प्रत्येक जहाजातून नवी जोडपी उतरत राहिली.

८ एप्रिल १९०१ रोजी जेम्स चाल्मर्स हा प्रख्यात मिशनरी गोआरीबारी बेटावर मारला गेला. त्याच्याबरोबर तरुण मिशनरी टॉमकिन्स व पापुआचे कित्येक विद्यार्थीही मेले. चाल्मर्स हा रारोटोंगात दहा वर्षे शिक्षक तयार करून मग पापुआत आलेला. रुआटोकाचा जिवलग मित्र व अनेक सफरींतील सोबती. सरकारने शिक्षा करावयास माणसे पाठविली व गावकऱ्यांवर गोळीबार झाला. रुआटोकाने काय केले? तीस वर्षे तापाच्या मुलखात काढून थकलेल्या त्या मनुष्याने एक पत्र लिहिले, आणि ज्या गावी आपल्या मित्रास मारिले त्याच गावी जाऊन तेथील लोकांस येशू ख्रिस्ताविषयी शिकविण्याची परवानगी मागितली. बंदुकीने त्या गावाला उत्तर दिले ते एक, आणि रुआटोकाच्या पत्राने दिले ते दुसरे. कोणते उत्तर वधस्तंभाजवळ शिकलेले आहे, हे सांगावयास नको. १९०३ साली रुआटोका पोर्ट मोर्स्बी येथेच मरण पावला.

५. काय न्यावे व काय मागे ठेवावे

हे सर्व सेवक देवदूत होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यातील काहीजण गावात सरदारासारखे वागू लागले, कडक नियम घालू लागले, आणि आपल्या बेटावरच्या चालीरीती म्हणजेच शुभवर्तमान असे समजू लागले. अंगभर कपडे घालणे हे पुष्कळ ठिकाणी ख्रिस्ती होण्याची खूण होऊन बसले. लॉज व चाल्मर्स ह्यांस ते पसंत नव्हते. घामाने व पावसाने भिजलेले कापड अंगावरच वाळू दिल्याने लोक आजारी पडतात, असे चाल्मर्सचे मत होते.

ह्यातून आम्ही धडा घ्यावा. परक्या गावी जाणाऱ्याच्या गाठोड्यात दोन प्रकारच्या वस्तू असतात. एक ख्रिस्ताकडून मिळालेली, दुसरी आपल्या गावाकडून मिळालेली. दोन्ही एकाच फडक्यात बांधलेल्या असल्यामुळे त्या वेगळ्या ओळखणे कठीण जाते. हे ओळखण्यास पापुआपर्यंत जावयास नको. पठारावरचा उपदेशक डोंगरातील भिल्लांच्या पाड्यात जातो, किंवा एका समाजात वाढलेला बंधू दुसऱ्या समाजाच्या वस्तीत जातो, तेव्हा त्याच्या बोलण्यात सुधारणा किती, धाक किती व प्रीती किती, हे त्याने स्वतःस विचारावे. पौल थेस्सलनीकाकरांस आठवण देतो की, आपण त्यांच्यामध्ये मुलांस पोसणाऱ्या आईसारखे सौम्य होतो, कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस हातांनी काम करीत होतो, आणि शुभवर्तमानाबरोबर आपला जीवही देण्यास राजी होतो. आई आपल्या लेकराला हुकूम सोडण्यापूर्वी त्याची भाषा शिकते.

६. धाडणाऱ्यांचे कर्तव्य

ह्या वृत्तांतात एक गोष्ट आमच्या मनास टोचते, आणि ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. जेथे ताप व धोका अधिक, तेथे पुष्कळदा बेटकरी शिक्षकांस प्रथम ठेवीत. गोऱ्या मिशनरीचे घर मागाहून होई. त्यांचे वेतन गोऱ्या सेवकाच्या मानाने फारच थोडे असे. अन्नाचे गलबत कधी महिनोन्‌महिने येत नसे. त्यांस 'मिशनरी' न म्हणता 'शिक्षक' म्हणत. युरोपियन मिशनऱ्यांतही जीव देणारे होते, हे चाल्मर्सच्या मरणावरून दिसतेच. आणि आम्हांस त्यांच्या उपकारांचे विस्मरण नाही. परंतु ओझ्याची वाटणी सारखी नव्हती, हे सत्य आहे.

हे सांगण्याचा हेतू मेलेल्यांवर दोष ठेवणे हा नाही. आज धाडणारे आम्ही आहो. दूरच्या पाड्यावर आम्ही एक तरुण जोडपे ठेवितो, त्यांच्यासाठी प्रार्थना करितो, आणि मग वर्षभर त्यांची वास्तपुस्त करीत नाही. त्यांच्या घरी औषध आहे काय? त्यांच्या मुलांची शाळा कोठे? पावसाळ्यात नाला भरला म्हणजे त्यांस धान्य कोण पोहोचवितो? पत्नी बाळंतपणास आली म्हणजे तिच्याजवळ कोण असते? अंत्युखियाच्या मंडळीने पौल व बर्णबा ह्यांच्यावर हात ठेविले. हात ठेवणे म्हणजे निरोप देऊन हात झटकणे नव्हे. जे ओझे त्यांच्या खांद्यावर गेले त्याला आमचाही हात लागलेला आहे, अशी ती खूण आहे. जी मंडळी सेवकाला पाठविते पण त्याचा भार उचलत नाही, ती आपला त्याग दुसऱ्याच्या घरातून करविते.

उपदेशक बंधूंनो, तुमच्यापैकी पुष्कळांस वाटत असेल की, आपण फार शिकलेलो नाही, आपले गाव लहान, आपले काम कोणाच्या दृष्टीस पडत नाही. रुआटोकाचे गावही लहान होते. त्याने आपले घर परक्या गावात बांधिले, तेथलेच अन्न खाल्ले, तेथल्याच भाषेत प्रार्थना केली, आणि तेथल्याच मातीत तो पुरला गेला. परमुलखातील सेवा बहुतांशी अशीच असते : शेजारी होऊन राहणे, आणि राहून ख्रिस्ताची साक्ष देणे. जो आपल्या वस्तीत खरा शेजारी झाला नाही, तो तीन हजार मैल गेल्याने होणार नाही. जो येथे झाला, त्याला देवाने बोलाविले तर तो कोठेही जाऊ शकेल.

अभ्यासवर्गात विचारावयाचे प्रश्न

१. रारोटोंगाच्या मंडळीने स्वतः शुभवर्तमान स्वीकारल्यावर ते दुसऱ्यांस देण्यास किती काळ लाविला? आमच्या मंडळीने किती लाविला आहे?

२. रुआटोकाच्या कोणत्या कृत्यांनी गावकऱ्यांस ख्रिस्ताची ओळख झाली असावी? त्यांतील कोणते कृत्य आमच्या गावी ह्या आठवड्यात करता येईल?

३. आम्ही ज्यास ख्रिस्ती चाल म्हणतो, त्यात ख्रिस्ताचे काय व आमच्या गावचे काय? दोन उदाहरणे सांगा.

४. आमच्या मंडळीने ज्यांस सेवेस धाडिले आहे त्यांची नावे घ्या. त्यांच्या कुटुंबाची सध्याची गरज काय आहे, हे कोणास ठाऊक आहे? ठाऊक नसल्यास ती विचारून येण्यास कोण जाईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी देऊन वर्ग संपवू नये, अशी आमची विनंती आहे. जाणाऱ्याचे नाव ठरवावे, त्याच्याबरोबर पायलीभर धान्य द्यावे, आणि मग प्रार्थना करून घरोघर जावे. प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा धाडणाऱ्यांबरोबर व धाडलेल्यांबरोबर असो. आमेन.